हीट पंपासाठी मिळणारी मदत : तिच्या मुदती, तिचे कागद आणि तिचा क्रम

अमेरिकेच्या ईशान्य भागात जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबास घराचे कर्ज, मालमत्ता कर आणि विमा या तीन खर्चांची कल्पना आधीपासून असते. परंतु तळघरात उभी असलेली २७५ गॅलनची तेलाची टाकी ही चौथ्या आणि तितक्याच कायम खर्चाची बाब आहे, हे पहिल्या जानेवारीतच उमगते. ती टाकी आणि तिच्याशी जोडलेला जुना फर्नेस काढून टाकून हीट पंप बसवावा, असा विचार अशा घरात कधी ना कधी निघतोच, आणि तो निघाला म्हणजे सरकारी व निमसरकारी मदतीची अनेक नावे कानांवर येऊ लागतात : कोणी टॅक्स क्रेडिटचे सांगतो, कोणी रिबेटचे, कोणी बिनव्याजी कर्जाचे, आणि ठेकेदार आपल्या अंदाजपत्रकात या साऱ्यांची बेरीज किमतीतून वजा करून तळाशी एक आकर्षक आकडा लिहून देतो. त्या आकड्यातील कोणता भाग कायद्याने खरोखर आपला आहे, कोणता अटींवर लटकलेला आहे आणि कोणता केव्हाच संपुष्टात आला आहे, हे सही करण्यापूर्वी घरमालकास स्वतः पडताळता यावे, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या हवेत किंवा जमिनीत असलेली उष्णता तो शीतक द्रव्याच्या साहाय्याने घरात आणून सोडतो, आणि उन्हाळ्यात तेच चक्र उलट फिरवून घर थंड करतो. उष्णता केवळ वाहून आणावयाची असल्यामुळे एका युनिट विजेच्या मोबदल्यात साधारणतः दोन ते चार युनिटांइतकी उष्णता मिळते. बाहेरची थंडी जसजशी वाढते तसतसे हे प्रमाण घटते, आणि म्हणूनच उत्तरेकडील घरांत थंड हवामानासाठी मुद्दाम बांधलेली यंत्रेच घ्यावी लागतात. तेल, प्रोपेन किंवा भिंतीच्या पायथ्याशी बसविलेल्या साध्या विद्युत-पट्ट्या यांवर तापणाऱ्या घरास या बदलाचा लाभ मोठा असतो. नैसर्गिक वायू स्वस्त व वीज महाग असलेल्या गावी तो अल्प असतो, आणि काही ठिकाणी मासिक खर्च उलट वाढतो. मदत कितीही मिळाली तरी ती एकदाच मिळते आणि विजेचे बिल मात्र दरमहा येते, ही गोष्ट सर्व हिशेबांच्या आधी ध्यानात घ्यावी.

आता मदतीकडे वळू. टॅक्स क्रेडिट आणि रिबेट यांची नावे एका दमात घेतली जात असली तरी त्यांचा उगम, त्यांची वेळ आणि त्यांचे पात्रतेचे निकष हे सर्वस्वी भिन्न आहेत. टॅक्स क्रेडिट हे आयकराच्या कायद्यातून येते. यंत्र बसून चालू झाल्यावर, त्याचे सारे पैसे आपण आपल्या खिशातून भरल्यावर, पुढील वर्षी विवरणपत्र भरताना देय करातून ते वजा होते. ते मिळण्यासाठी मुळात कर देय असावा लागतो. रिबेट हे राज्यसरकारच्या खात्याकडून, वीज अथवा वायू पुरविणाऱ्या कंपनीकडून किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेकडून येते; त्याचा आपल्या कराशी संबंध नसतो, परंतु बहुधा पूर्वमंजुरी, ठरावीक यादीतील ठेकेदार आणि ठरावीक यादीतील यंत्र या तिन्ही गोष्टी त्यासाठी अपरिहार्य असतात. क्रेडिटच्या बाबतीत उशिराने जागे झालेल्या मनुष्यासही काही काळ दार उघडे असते. रिबेटच्या बाबतीत, यंत्र बसवून झाल्यावर केलेला अर्ज काही ठिकाणी फेटाळला जातो.

केंद्रीय टॅक्स क्रेडिटची हकीकत अधिक विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण याच विषयात सर्वाधिक गैरसमज आढळतात. आयकर संहितेच्या २५सी या कलमाखालील ही सवलत मूळची २००५ सालच्या ऊर्जाधोरणाच्या कायद्यातली. पुढे दीर्घकाळ ती हीट पंपासाठी ३०० डॉलर आणि सर्व सुधारणांसाठी मिळून आयुष्यभरात ५०० डॉलर इतकी तुटपुंजी होती. १६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झालेल्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने तिचे स्वरूप पालटले : १ जानेवारी २०२३ पासून हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, परंतु वर्षाकाठी जास्तीत जास्त २,००० डॉलर इतके क्रेडिट मिळू लागले, त्यात यंत्राच्या किमतीबरोबर ते बसविण्याची मजुरीही धरली जाऊ लागली, आणि आयुष्यभराची मर्यादा जाऊन तिच्या जागी वार्षिक मर्यादा आली. त्या कायद्याप्रमाणे ही सवलत २०३२ च्या अखेरीपर्यंत चालावयाची होती. परंतु ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची सही झालेल्या नव्या कायद्याने ती मुदत सात वर्षांनी अलीकडे ओढली, आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतर चालू झालेल्या कोणत्याही यंत्रास या कलमाखाली क्रेडिट मिळणे बंद झाले.

येथे 'चालू झालेल्या' या शब्दावर सारा निर्णय अवलंबून आहे. यंत्राची मागणी केव्हा नोंदविली, इसार केव्हा दिला, किंबहुना पूर्ण रक्कम केव्हा भरली, याला महत्त्व नाही. यंत्र घरात बसून वापरास सज्ज झाल्याची तारीख कोणती, एवढेच कायदा विचारतो. २०२५ च्या डिसेंबरात पैसे देऊन २०२६ च्या जानेवारीत ज्यांचे काम पूर्ण झाले, त्यांस हे क्रेडिट नाही. आज नवे अंदाजपत्रक पुढे ठेवणारा ठेकेदार त्यात अद्यापि २,००० डॉलरचे केंद्रीय क्रेडिट वजा दाखवीत असेल, तर ती ओळ खोडून मगच पुढील आकडे वाचावेत, आणि ज्याला एवढा बदल ठाऊक नाही त्याच्या इतर विधानांचीही रुजुवात करून घ्यावी.

परंतु ज्यांचे यंत्र २०२३, २०२४ किंवा २०२५ या तीन वर्षांत बसले, त्यांचा हक्क अजून शाबूत असू शकतो. अशी कितीतरी मराठी घरे असतील, जेथे विवरणपत्र घाईने संगणकावर भरताना ऊर्जेविषयीचा प्रश्न 'नाही' म्हणून ओलांडला गेला आणि क्रेडिट मागावयाचे राहून गेले. भरलेले विवरणपत्र १०४०-एक्स या नमुन्याने दुरुस्त करता येते. ही दुरुस्ती मूळ विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांत, किंवा कर भरल्यापासून दोन वर्षांत, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तिच्या आत व्हावी लागते, आणि मुदतीपूर्वी भरलेले विवरणपत्र हे शेवटच्या तारखेसच भरले असे धरले जाते. म्हणजे २०२३ सालचे विवरणपत्र १५ एप्रिल २०२४ पर्यंत भरणाऱ्या गृहस्थास १५ एप्रिल २०२७ पर्यंत, आणि २०२४ सालचे वेळेवर भरणाऱ्यास १५ एप्रिल २०२८ पर्यंत अवधी आहे. दोन हजार डॉलर ही रक्कम लहान नव्हे. जुनी पावती शोधण्याच्या श्रमांस ती पुरेपूर मोबदला देते.

मागणी ५६९५ क्रमांकाच्या नमुन्यावर, त्याच्या दुसऱ्या भागात करावयाची असते. त्याआधी काही अटी पाहाव्यात. घर अमेरिकेत असावे, ते आधीपासून अस्तित्वात असलेले असावे आणि आपण स्वतः त्यात राहत असावे. बांधकाम-कंपनीकडून नवेच घेतलेल्या घरात आधीच बसवून आलेल्या हीट पंपास, किंवा जे घर आपण केवळ भाड्याने देतो त्यास, हे क्रेडिट नाही. उलटपक्षी, भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने यंत्र बसविले असेल तर तो मात्र पात्र ठरू शकतो. यंत्र त्या त्या वर्षी ठरविलेल्या कार्यक्षमतेच्या सर्वोच्च श्रेणीतले असावे लागते. ही श्रेणी उत्तर व दक्षिण भागांसाठी वेगवेगळी असू शकते, आणि बाहेरचे व आतले यंत्र यांची जोडी मिळून ती मोजली जाते. म्हणून पावतीवर दोन्ही यंत्रांचे मॉडेल क्रमांक आणि त्या जोडीचा एएचआरआय संस्थेचा प्रमाणपत्र-क्रमांक असणे अत्यंत इष्ट. २०२५ सालच्या यंत्रासाठी याखेरीज उत्पादकाचा चार अक्षरी ओळख-संकेतही विवरणपत्रात लिहावा लागतो. तो उत्पादकाकडून मिळतो. ग्रीन कार्ड नसले, एच-वन-बी परवान्यावर वास्तव्य असले, तरी करविषयक नियमांप्रमाणे जो रहिवासी ठरतो आणि नेहमीचा १०४० नमुना भरतो, त्याच्या हक्कात त्यामुळे काही उणेपणा येत नाही.

या क्रेडिटच्या स्वभावातील एक मर्यादा नीट समजावून घ्यावी. ते कर शून्यापर्यंत उतरवू शकते, शून्याखाली नेऊन रोख रक्कम हातांत ठेवू शकत नाही, आणि हवेच्या हीट पंपाच्या बाबतीत उरलेला भाग पुढील वर्षी नेताही येत नाही. निवृत्त दांपत्याचा वर्षाचा एकूण कर १,४०० डॉलर असेल, तर २,००० पैकी १,४०० उपयोगी पडतील आणि ६०० लयास जातील. यावरून कित्येकांनी भलताच निष्कर्ष काढलेला असतो : "आम्हाला तर दर एप्रिलमध्ये सरकारकडून परतावाच येतो, म्हणजे आमचा कर काहीच नाही, मग क्रेडिट कसे मिळणार?" हा समज चुकीचा आहे. परतावा येतो तो वर्षभर पगारातून अधिक कापले गेले म्हणून. कर किती होता हे १०४० नमुन्याच्या १८ व्या ओळीवर पाहावे. तेथे काही हजारांचा आकडा असेल आणि मुलांसाठीच्या क्रेडिटसारख्या इतर सवलती वजा जाऊनही त्यातील काही शिल्लक राहत असेल, तर परताव्यात तेवढी भर पडेल.

दुसरी सूक्ष्म बाब रिबेट आणि क्रेडिट यांच्या परस्परसंबंधाची. वीज वा वायू कंपनीकडून मिळालेले साहाय्य करपात्र उत्पन्न मानले जात नाही, परंतु त्याच कारणाने ते खर्चातून आधी वजा करावे लागते, आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के काढावे लागतात. समजा, २०२४ साली एका घरात १८,००० डॉलर खर्चून यंत्र बसले आणि कंपनीने १०,००० डॉलर रिबेट दिले. उरलेल्या ८,००० चे ३० टक्के २,४०० होतात, म्हणून २,००० ची मर्यादा पूर्ण मिळते. परंतु खर्च १२,००० आणि रिबेट ७,००० असेल, तर उरलेल्या ५,००० चे ३० टक्के १,५०० होतात, आणि क्रेडिटही १,५०० च मागावयाचे असते. पूर्ण किमतीवर हिशेब करून २,००० मागणाऱ्यास पुढे चौकशीच्या वेळी फरक व्याजासह भरावा लागू शकतो. ज्यांनी अजाणता तसे केले असेल त्यांनी त्याच दुरुस्तीच्या नमुन्याने स्वतःहून ते सुधारणे श्रेयस्कर.

जमिनीतील उष्णता वापरणारा, म्हणजे नळ्या भूगर्भात पुरून चालणारा जिओथर्मल हीट पंप २५डी या वेगळ्या कलमाखाली येत असे. तेथे ३० टक्क्यांना डॉलरांची कमाल मर्यादा नव्हती, नव्या बांधलेल्या घरासही ते लागू होते, आणि न वापरलेली रक्कम पुढील वर्षी नेता येते. तेही ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चास बंद झाले. ज्यांनी त्यापूर्वी असे काम पुरे केले असेल त्यांनी मागील वर्षाच्या ५६९५ नमुन्यावर पुढे ओढलेली काही बाकी राहिली आहे काय, हे अवश्य पाहावे. करसल्लागार बदलला म्हणजे ही बाकी विस्मरणात जाण्याचा संभव असतो.

केंद्रीय क्रेडिट संपले म्हणजे केंद्राचा सारा पैसा संपला, असे मात्र नाही. २०२२ च्याच कायद्याने घरगुती ऊर्जा-सुधारणांसाठी सुमारे ८.८ अब्ज डॉलरांच्या दोन रिबेट-योजना निर्माण केल्या, आणि त्यांची अंमलबजावणी राज्यांकडे सोपविली. त्यांपैकी एक, घराच्या एकूण ऊर्जाबचतीच्या प्रमाणात मदत देते. दुसरी, जिचा निर्देश सामान्यतः 'हिअर' या संक्षिप्त नावाने होतो, ती प्रत्येक साधनासाठी ठरावीक रक्कम देते : घर तापविणाऱ्या हीट पंपासाठी ८,००० डॉलरपर्यंत, पाणी तापविणाऱ्या हीट पंपासाठी १,७५० पर्यंत, विजेच्या मुख्य पॅनेलसाठी ४,००० पर्यंत, वायरिंगसाठी २,५०० पर्यंत, आणि एका घरास एकूण १४,००० पर्यंत. एकाच कामासाठी दोन्ही योजनांतून पैसे घेता येत नाहीत.

'हिअर'ची पात्रता उत्पन्नावर ठरते. आपल्या परिसरातील तितक्याच माणसांच्या कुटुंबांचे जे मध्यम उत्पन्न सरकारने काढलेले असते, त्याच्या ८० टक्क्यांहून कमी उत्पन्न असणाऱ्यास मर्यादेच्या आत संपूर्ण खर्च, ८० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान असणाऱ्यास निम्मा खर्च, आणि त्याहून वर असणाऱ्यास काहीच नाही, अशी तिची रचना आहे. दोघेही संगणक-कंपनीत असलेले दांपत्य यात बहुधा बसणार नाही, हे खरे. परंतु विद्यापीठातील तरुण संशोधक, एकाच्याच पगारावर चालणारे चार-पाच माणसांचे कुटुंब, छोटा दुकानदार, आणि विशेषतः आयुष्यभर येथे नोकरी करून आता स्वतःच्या घरात निवृत्तिवेतनावर राहणारी वृद्ध मराठी जोडपी यांतील पुष्कळजण पात्र असूनही 'सरकारी मदत आपल्यासारख्यांसाठी नव्हे' अशा संकोचाने विचारीत नाहीत. हा संकोच सोडावा. ही मदत म्हणजे दान नव्हे. कायद्याने ठरविलेल्या निकषांत बसणाऱ्याचा तो हक्क आहे, आणि हिवाळ्यात दोन खोल्या बंद ठेवून तेल वाचविणाऱ्या सत्तरीतल्या माणसांना त्याची माहिती त्यांच्या मुलांनी व मंडळांनी करून देणे हे अगत्याचे काम आहे.

ही योजना प्रथम न्यू यॉर्कने मे २०२४ मध्ये सुरू केली. पुढे इतर राज्ये आपापल्या गतीने आली, आणि साउथ डकोटाने पैसा घेण्याचेच नाकारले. २०२५ च्या आरंभी केंद्राकडून निधीचे वितरण काही काळ खोळंबल्यामुळे काही राज्यांना योजना मध्येच थांबवावी लागली, आणि कॅलिफोर्नियात स्वतंत्र घरांसाठीचा निधी अर्जांनी पूर्ण व्यापला गेला. यामुळे शेजारच्या राज्यातील मित्राचा अनुभव आपल्या उपयोगी पडत नाही. आपल्या राज्याच्या ऊर्जाखात्याकडे विचारणा करून निधी शिल्लक आहे काय, आणि तो आपल्या नावे राखून ठेवल्याचे लेखी पत्र मिळते काय, हे पाहावे लागते. रिबेट खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा होते आणि पूर्वी पुऱ्या केलेल्या कामास ते लागू होत नाही; म्हणून पत्र हाती येईपर्यंत जुना फर्नेस काढू देऊ नये.

राज्यांच्या आणि कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांत मॅसॅच्युसेट्सची 'मास सेव्ह' ही विशेष अभ्यासण्यासारखी आहे, कारण वेस्टबरो, ॲक्टन यांसारख्या मराठी वस्तीच्या गावांतील पुष्कळ घरे तिच्या कक्षेत येतात. संपूर्ण घर हीट पंपावर आणणाऱ्यास २०२४ साली तिच्यातून १०,००० डॉलर मिळत. २०२६ साठी ही रक्कम यंत्राच्या दर टनामागे २,६५० डॉलर आणि एकूण ८,५०० डॉलरपर्यंत अशी उतरविण्यात आली. हा टन वजनाचा नव्हे; ताशी १२,००० बीटीयू उष्णता वाहण्याची ती क्षमता होय. या रकमेपेक्षाही मला त्या योजनेच्या अटी अधिक मोलाच्या वाटतात. तीत प्रथम घराची मोफत ऊर्जा-तपासणी होते; तपासनीस पोटमाळ्यावर व तळघरात जाऊन हवा कोठून झिरपते हे पाहतो; भिंती आणि छप्पर यांतील उष्णतारोधक भर अपुरी असेल तर ती आधी पुरी करावयास सांगतो, त्या कामाचा मोठा हिस्सा योजनाच उचलते; आणि मगच, योजनेने मान्य केलेल्या ठेकेदाराकरवी, यंत्राची पाळी येते. बिनव्याजी कर्जाचीही सोय तीत आहे. अनेक घरमालक तपासणीकडे रिबेटच्या वाटेतील अडथळा म्हणून पाहतात. परंतु ज्या घराची उष्णता छपरातून निसटते त्यात कितीही मोठे यंत्र बसविले तरी बिल उतरत नाही, आणि छपरातील फटी बुजविल्यावर चार टनांच्या जागी तीन टनांचे यंत्र पुरे पडते, ही बचत कोणत्याही रिबेटपेक्षा टिकाऊ आहे. त्याच राज्यात हीट पंपाच्या घरांना हिवाळ्यापुरता विजेचा वेगळा, कमी दर देण्याचीही व्यवस्था झाली आहे. तो आपल्या बिलास लागला आहे काय, हे कंपनीस स्वतः विचारावे.

मेन राज्याचे उदाहरण थंडीविषयी शंका घेणाऱ्यांनी अवश्य पाहावे. तेथील बहुसंख्य घरे तेलावर तापत आली असून हिवाळा कठोर असतो. तरीही २०२५ पर्यंत एक लक्ष हीट पंप बसविण्याचे गव्हर्नर जॅनेट मिल्स यांच्या शासनाचे उद्दिष्ट २०२३ सालीच, म्हणजे दोन वर्षे आधी पार पडले. २०२३ च्या सप्टेंबरात 'एफिशिअन्सी मेन' या संस्थेने संपूर्ण घरासाठीची मदत उत्पन्नानुसार तीन पायऱ्यांची केली : सर्वांस ४,०००, मध्यम उत्पन्नास ६,००० आणि अल्प उत्पन्नास ८,००० डॉलरपर्यंत. न्यू जर्सीत ही मदत पीएसई अँड जी यांसारख्या कंपन्यांमार्फत, राज्याच्या सार्वजनिक सेवा मंडळाच्या मंजुरीने चालते. म्हणून एडिसनमधील दोन नातलगांची घरे वेगळ्या कंपन्यांच्या हद्दीत असतील तर त्यांना मिळणारी रक्कमही वेगळी असू शकते. कोलोरॅडोत राज्याचे स्वतःचे टॅक्स क्रेडिट आहे, परंतु ते नोंदणीकृत ठेकेदार मागतो आणि त्याचा ठरावीक भाग ग्राहकास किमतीत सूट म्हणून देतो. तेव्हा ती सूट अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर दिसली पाहिजे. सर्व राज्यांच्या योजनांची एकत्र नोंद 'डीझायर' या सूचीत मिळते. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील एक केंद्र ती १९९५ पासून चालवीत आहे. आपला झिप कोड घालून आरंभ तेथून करावा, आणि रकमेची अखेरची खातरजमा मात्र ज्या त्या कंपनीकडूनच करून घ्यावी.

आता कामाचा क्रम. प्रथम मागील बारा महिन्यांची तेलाची, वायूची व विजेची बिले एकत्र करावीत. तपासनिसास आणि ठेकेदारास दोघांसही ती लागतात. मग तपासणी, आणि तीत निघालेली डागडुजी. नंतर किमान तीन ठेकेदारांकडून अंदाजपत्रके घ्यावीत, आणि प्रत्येकाकडे 'मॅन्युअल जे' या पद्धतीने केलेले घराच्या उष्णताभाराचे गणित लेखी मागावे. खोल्या, खिडक्या व भिंती न मोजता जुन्या फर्नेसचा आकार पाहून तेवढेच मोठे यंत्र सुचविणारा ठेकेदार, तो कितीही मिठ्ठास बोलला तरी, आपल्या पैशांचा नीट विचार करीत नाही असे समजावे. ज्यांचे घर टाउनहाउस वा काँडोमिनियम आहे, त्यांनी बाहेरचे यंत्र कोठे बसेल आणि त्याचा आवाज शेजाऱ्याच्या खिडकीस लागेल काय, याविषयी गृहसंस्थेची लेखी संमती याच सुमारास घ्यावी. तिच्या समितीची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल तर रिबेटची मुदत तेवढ्यात निघून जाते. नगराच्या बांधकाम-खात्याचा परवाना आणि काम झाल्यावरची तपासणी टाळून काही डॉलर वाचविण्याची सूचना कोणी केल्यास ती मान्य करू नये. यंत्र चालू झाल्याच्या तारखेचा त्याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

करारनाम्यात काही गोष्टी अक्षरांत लिहून घ्याव्यात : दोन्ही यंत्रांचे मॉडेल क्रमांक, आपल्या गावच्या कडाक्याच्या थंडीत ते किती उष्णता देईल तो आकडा, रिबेटचा अर्ज कोण करणार, धनादेश कोणाच्या नावे येणार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रिबेट नामंजूर झाले तर फरक कोणी सोसावयाचा. ही शेवटची ओळ नसेल तर तो फरक घरमालकावरच पडतो. 'सरकार फुकट हीट पंप देत आहे, आजच सही करा' असा दूरध्वनी आला, किंवा दारावर येऊन कोणी सामाजिक सुरक्षा क्रमांक मागू लागला, तर संभाषण तेथेच थांबवावे. खऱ्या योजनेत ठेकेदाराचे नाव यादीत पडताळता येते आणि विचार करावयास अवधीही मिळतो. कर्ज घेतल्यास ठेकेदाराने आणलेल्या कंपनीचे घेण्यापूर्वी राज्याच्या बिनव्याजी वा अल्पव्याजी योजनेची चौकशी करावी, कारण व्याजाचा दर कमी दाखवून तो भार यंत्राच्या किमतीत मिसळण्याची पद्धत या व्यवसायात आढळते.

काम संपल्यावर पावती, परवाना, तपासणीचा दाखला, उत्पादकाचे प्रमाणपत्र आणि रिबेट मंजुरीचे पत्र हे सारे एका ठिकाणी ठेवावे, आणि ते केवळ त्या वर्षापुरते नव्हे. घर पुढे विकताना झालेला नफा मोजताना, अशा सुधारणांचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळविता येतो. मात्र मिळालेले क्रेडिट आणि रिबेट त्यातून वजा करून उरेल तेवढाच. म्हणून हे दप्तर घर आपल्या मालकीचे असेपर्यंत, आणि विक्रीच्या वर्षाचे विवरणपत्र भरल्यानंतर आणखी तीन वर्षे, जपून ठेवणे आवश्यक आहे.